दाखल्यावाचून खातरी

यंत्रे, सुरक्षितता आणि राजकारण या तीन विषयांवर आज जितक्या हिरिरीने वाद घातले जातात तितक्या हिरिरीने ते अन्य कोणत्याही विषयावर क्वचितच घातले जात असतील. आणि हे वाद आता पुण्यामुंबईच्या सुशिक्षित वर्तुळांपुरते राहिलेले नसून महाडच्या बाजारपेठेत, पोलादपूरच्या एस.टी. स्थानकावर, बिरवाडीच्या कारखान्यांतून पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या कामगारांत आणि या सर्वांच्या हातांतील मोबाइलवर अष्टौप्रहर चाललेले असतात. मतदानयंत्रात फेरफार करता येतो की नाही, फोनवरचे खाजगी बोलणे सरकारच्या कानावर जाते की नाही, नदीवरचा जुना पूल यंदाचा पावसाळा काढील की नाही, दरडीची सूचना वेळेवर का मिळत नाही, या प्रत्येक प्रश्नावर प्रत्येकाचे मत ठरलेले असते. या आवेशाचे मला वावडे नाही. आपला जीव आणि आपले मत सुरक्षित आहे काय, अशी विचारपूस करणारा समाज हा त्याविषयी मुकाट राहणाऱ्या समाजापेक्षा केव्हाही अधिक निरोगी होय. मला चिंता वाटते ती निराळ्या गोष्टीची. "अहो काका, ते सगळं आधीच ठरलेलं असतं," असे पुतण्या छातीठोकपणे सांगतो. "काही नाही रे, सरकारने तपासलंय ते, उगाच अफवा पसरवू नकोस," असे काका तितक्याच छातीठोकपणे उत्तर देतात. दोघांचीही खातरी पक्की असते, आणि ती खातरी जिच्यावर उभी राहावी असा कागदाचा एक चिटोराही दोघांपैकी कोणापाशी नसतो.

अशा दाखल्यावाचूनच्या खातरीची किंमत महाडने दोन परींनी मोजलेली आहे. एकदा ती खालून, जमावातून, अफवेच्या रूपाने आली. पुढे ती वरून, सरकारी कचेरीतून, सुरक्षिततेच्या ग्वाहीच्या रूपाने आली. या दोन्ही प्रकारांचा विचार एकत्र केल्यावाचून आजच्या वादांचे मर्म हाती लागणार नाही, असे माझे मत आहे.

चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे स्मरण आपण दरवर्षी २० मार्चला करतो. परंतु त्या दिवसाच्या उत्तरार्धाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा ठराव रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात संमत करून घेतला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव आपल्या दफ्तरी नोंदवला. आणि पुढे तीन वर्षे तो ठराव दफ्तराबाहेर आला नाही. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला जमलेले लोक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तेव्हा ते कोणता नवा हक्क मागत नव्हते. नगरपालिकेने कागदावर मान्य केलेलाच हक्क बजावत होते. मिरवणूक शांतपणे मंडपात परतली. त्यानंतर सुमारे दोन तासांनी गावात आवई उठली की, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. तसा कोणताही बेत नव्हता. परंतु तो आहे की नाही हे परिषदेच्या मंडपापर्यंत चालत जाऊन विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही. लाठ्याकाठ्या घेऊन माणसे नाक्यानाक्यावर जमली, मंडपात जेवायला बसलेल्यांवर हल्ला झाला, शिजवलेले अन्न मातीत कालवले गेले, परतीच्या वाटेला लागलेल्यांना गाठून मारहाण करण्यात आली आणि कित्येकांना मुसलमानांच्या घरांत आसरा शोधावा लागला. डॉ. आंबेडकर त्या वेळी सरकारी बंगल्यावर उतरलेले होते. तेथे गोळा झालेले त्यांचे अनुयायी संतापाने प्रतिकाराला उतावीळ झालेले असता त्यांनी त्यांना आवरून धरले. ते आवरले नसते तर महाडचा त्या दिवसाचा इतिहास आज रक्ताने लिहिलेला असता.

यापुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. वर्तमानपत्रांतून त्यांच्यावर टीकेचा भडिमार सुरू झाला, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक काढले आणि प्रतिपक्षाच्या एकेका मुद्द्याला शास्त्राधार, कायदा आणि वस्तुस्थिती यांच्या आधारे उत्तर दिले. नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपला जुना ठराव फिरवला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रहाची सिद्धता झाली, हजारो माणसे गोळा झाली, आणि तळे खाजगी मालकीचे असल्याचे सांगून काही गृहस्थांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम आणला. न्याय ज्यांच्या बाजूचा होता, संख्याबळ ज्यांच्यापाशी होते आणि ज्यांना नऊ महिन्यांपूर्वी मार खावा लागला होता, त्या लोकांनी आपल्या नेत्याच्या सांगण्यावरून तो मनाईहुकूम पाळला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याच्या पाण्याला मात्र त्या खेपेस हात लावला गेला नाही. मग खटला चालला तो महाडच्या न्यायालयातून ठाण्याच्या अपिलापर्यंत आणि तेथून मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत. वादींचे म्हणणे असे की, अस्पृश्यांना या तळ्यावर मज्जाव करण्याची वहिवाट अनादि काळापासून चालत आलेली आहे. गावात ज्याला त्याला हे म्हणणे स्वयंसिद्ध वाटत होते. त्याविषयी पुरावा मागणे हाच मुळी अनेकांना उद्धटपणा वाटला असता. उच्च न्यायालयाने पुरावा तपासला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल दिला की, अशी अनादि वहिवाट वादींना सिद्ध करता आलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या जी गोष्ट 'सर्वांना माहीत' होती ती पुराव्याच्या पहिल्याच कसोटीवर उतरू शकली नाही.

दहा वर्षांचा तो विलंब अन्यायाचा होता, हे मी नाकारीत नाही. तहानेला तारखा देण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला नैतिक दृष्ट्या नसतो. पण २० मार्चच्या दुपारी जे काम एका अफवेने केले आणि १९३७ च्या मार्चमध्ये जे काम पुराव्याच्या कागदांनी केले, त्यांतला भेद ज्या गावाच्या अनुभवात आहे, त्या गावाने तरी आजच्या वादांत 'सगळ्यांना ठाऊक आहे' या शब्दांनी समाधान मानू नये.

अफवेचा प्रवास आता पायी होत नाही, एवढाच काय तो फरक. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या संशयावरून पाच निरपराध माणसांना ठार मारण्यात आले. ती माणसे मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षेवर निर्वाह करणारी होती आणि त्यांना ग्रामपंचायतीच्याच खोलीत कोंडून मारण्यात आले. मोबाइलवरून अनेक दिवस फिरत असलेल्या मजकुराने मनोभूमी आधीच तयार करून ठेवली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असे बंधन घातले. बंधन योग्यच होते. पण वेग कमी केल्याने असत्याचे सत्य होत नाही, आणि शासनाने अलीकडे जो दुसरा उपाय हाताशी धरला आहे तो तर मला रोगाहून भयंकर वाटतो. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात फोनवरच्या मजकुरावरून दंगल उसळली, तेव्हा इंटरनेट बंद करण्यात आले. असे हुकूम गुप्त ठेवता कामा नयेत, ते प्रसिद्ध केले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन यांच्या प्रकरणात १० जानेवारी २०२० रोजीच बजावले आहे. अफवेला उतारा पडतो तो विश्वसनीय खुलाशाने, आणि ज्या क्षणी खुलाशाची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्या क्षणी सरकार स्वतःच्याही तोंडाला कुलूप लावून घेते.

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळू. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्री नदीचा जुना दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला. १९२८ च्या सुमारास, म्हणजे चवदार तळ्याचा खटला नुकताच उभा राहिला होता त्या काळात, बांधलेला तो पूल. जयगडहून मुंबईला निघालेली एक आणि राजापूरहून बोरिवलीला निघालेली दुसरी अशा दोन एस.टी. गाड्या आणि एक तवेरा त्या अंधारात नदीत गेल्या. पुढचे कित्येक दिवस नौदलाचे पाणबुडे, तटरक्षक दल, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, क्रेनला टांगलेले तीनशे किलो वजनाचे लोहचुंबक, अशा सर्व साधनांनी त्या लाल पाण्यात शोध चालला होता; प्रेते समुद्रापर्यंत वाहत गेली, आणि काही घरांना शेवटपर्यंत काहीच हाती लागले नाही. त्या वेळी शासनाने जे निवेदन केले ते महाडकरांच्या कानांत अद्याप आहे: मे महिन्यातच या पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य असल्याचे आढळले होते.

हे निवेदन खोटे होते असे मी म्हणत नाही. ते खरे असूनही निरुपयोगी कसे ठरते, हे समजावून घेण्यासारखे आहे. जुन्या दगडी पुलाला खरा धोका पुष्कळदा वरच्या दगडांपासून नसतो. तो पायाखाली असतो. पूर आला की खांबांभोवती पाण्याला भोवरे पडतात आणि ते पायालगतची वाळू-माती खरवडून नेतात. पूर ओसरला की त्याच खड्ड्यात नवा गाळ येऊन बसतो आणि उन्हाळ्यात पात्रात उतरून पाहणाऱ्याला तळ पूर्ववत भरलेला दिसतो. म्हणून मे महिन्यात काठावरून केलेल्या पाहणीला पुलाचे तोंड दिसते, पाय दिसत नाहीत. पाहणी कोणी केली, कोठे उभे राहून केली, पाण्याखालचा भाग तपासला काय, चुन्याच्या सांध्यांतून उगवलेल्या झाडांविषयी काय लिहिले, शेऱ्याच्या रकान्यात 'योग्य' याखेरीज आणखी काही शब्द होते काय, हे प्रश्न पूल उभा असताना कोणा प्रवाशाला, कोणा एस.टी. चालकाला, नदीकाठच्या कोणा ग्रामपंचायतीला विचारता आले असते, तर त्या शेऱ्याला काही अर्थ होता. ज्यांचे जीव त्या शेऱ्यावर अवलंबून होते त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता. पुढे १६५ दिवसांत नवा पूल उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये वाहतुकीस खुला झाला. ती कामगिरी निःसंशय गौरवास्पद होती. तथापि पुलाइतक्याच तातडीने ज्याची उभारणी व्हायला हवी होती, ती पाहणीचे कागद लोकांसमोर ठेवण्याची रीत काही उभी राहिली नाही.

जुना पूल कोसळल्यानंतर चार वर्षांनी, २४ ऑगस्ट २०२० रोजी, महाडच्या काजळपुऱ्यातील तारिक गार्डन ही पाचमजली इमारत पत्त्यांच्या बंगल्यासारखी खाली आली आणि १६ माणसे दगावली. ती इमारत ब्रिटिश अमदानीतली नव्हती. तिला पुरती दहा वर्षेही झाली नव्हती. तिलाही नकाशा होता, परवानगी होती, कोणाच्या तरी सह्या होत्या.

आणि २०२१ च्या जुलैत काय झाले? २२ तारखेला सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांनी महाड बुडवले. त्याच दिवशी तळीये येथे डोंगर खाली आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. वीज गेलेली, रस्ते पाण्याखाली, आणि फोनला रेंज नाही. ज्या यंत्रावर आपण वर्षभर सुरक्षिततेविषयी वाद घालत असतो ते यंत्र सुरक्षिततेची खरी वेळ आली तेव्हा मुके झाले होते आणि तळीयेला मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. पाणी ओसरल्यावर मात्र मतांचा महापूर आला. कोणी म्हणे, नदीतला गाळ काढला नाही म्हणून. कोणी म्हणे, दासगावजवळच्या रेल्वेच्या भरावाने पाणी तुंबले म्हणून. कोणी धरणांतल्या विसर्गाकडे बोट दाखवी. यांतले प्रत्येक म्हणणे मोजता येण्याजोगे आहे. कोणत्या तासाला कोणत्या ठिकाणी पाण्याची पातळी किती होती, विसर्ग किती होता, भरतीची वेळ कोणती होती, हे आकडे एका कागदावर शेजारी शेजारी ठेवले की वादाचा निम्मा भाग आपोआप मिटतो आणि उरलेला निम्मा खऱ्या अर्थाने वाद होतो. २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते येथे दरडींखाली दीडशेहून अधिक माणसे गेली, तेव्हाही असेच वाद झाले होते. सोळा वर्षांनी आपण त्याच जागी उभे होतो.

मतदानयंत्राचा वाद हा या सर्व वादांचा मुकुटमणी, आणि तेथे तर खातरीचे दोन अखंड डोंगर समोरासमोर उभे आहेत. एका बाजूला 'यंत्रे फिरवली जातात' आणि दुसऱ्या बाजूला 'यंत्र अभेद्य आहे'. जून २०२४ मध्ये मुंबई वायव्य मतदारसंघात रवींद्र वायकर हे अमोल कीर्तिकर यांच्याविरुद्ध केवळ ४८ मतांनी निवडून आले, आणि काही दिवसांनी एका वृत्तपत्रात बातमी आली की, मोजणीच्या केंद्रावर उमेदवाराच्या नातेवाइकाने वापरलेल्या फोनवरच्या ओटीपीने मतदानयंत्र उघडता येत होते. बातमी वणव्यासारखी पसरली. वस्तुतः मतदानयंत्राला ओटीपी लागत नाही. त्याला कोणतेच बाहेरचे जाळे जोडलेले नसते. त्या ओटीपीचा संबंध मोजणीचे आकडे संगणकावर चढवण्याच्या निराळ्या प्रणालीशी होता, आणि पुढे त्या वृत्तपत्रानेच आपली चूक जाहीरपणे मान्य केली. येथवर अफवेचा पराभव झाला, हे ठीकच. परंतु मनाई असलेल्या ठिकाणी फोन वापरला गेला होता हे खरे होते, त्याची फिर्यादही दाखल झाली होती; आणि केंद्रातील चित्रीकरण पाहावयास मागणाऱ्यांना न्यायालयाच्या हुकुमावाचून ते मिळणार नाही असे सांगण्यात आले. डिसेंबर २०२४ मध्ये तर केंद्र सरकारने निवडणूक नियमांतील ९३ व्या नियमात दुरुस्ती करून निवडणुकीच्या इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजांचे दार सामान्य नागरिकाला बंद केले, आणि पुढच्या मे महिन्यात निवडणूक आयोगाने अशी चित्रणे, निवडणुकीला आव्हान दिले गेले नसल्यास, ४५ दिवसांनंतर नष्ट करण्याची मुभा दिली. ज्याला संशय आहे त्याने पुरावा द्यावा असे म्हणायचे, आणि पुरावा ज्या कपाटात आहे त्याला कुलूप घालायचे, ही न्यायाची रीत नव्हे.

सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या लोकांनी डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या गावापुरते मतपत्रिकेवर पुन्हा मतदान करून पाहण्याचे ठरवले, तेव्हा प्रशासनाने जमावबंदी लागू केली आणि तो बेत सोडून द्यावा लागला. त्या गावकऱ्यांनी योजलेली कसोटी माझ्या मते सदोष होती. गुप्तपणे दिलेल्या मताची शहानिशा नंतर साऱ्या गावाच्या डोळ्यांदेखत दिलेल्या मताने होऊ शकत नाही, कारण निकाल कळल्यावर आणि शेजारी पाहत असताना माणूस तेच मत देईल याची शाश्वती नसते. पण सदोष कसोटी मागणाऱ्याला निर्दोष कसोटी दाखवायची असते. त्याच्यावर पोलीस धाडायचे नसतात. निर्दोष कसोटी उपलब्ध आहे. मत दिल्यावर काचेआड सात सेकंद दिसणारी आणि मग पेटीत पडणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी, आणि मतदान संपताच प्रत्येक पक्षाच्या प्रतिनिधीला केंद्राध्यक्षाच्या सहीनिशी मिळणारा, यंत्रात एकूण किती मते पडली हे सांगणारा नमुना १७-सी, हे दोन कागद एकत्र वाचले तर यंत्रावर विश्वास ठेवा असे कोणाला सांगण्याची गरजच उरत नाही. मी मतदानयंत्राच्या विरुद्ध नाही. मतपत्रिकांच्या काळात केंद्रे कशी बळकावली जात हे ज्यांना आठवते ते यंत्राचा उपकार विसरणार नाहीत. पण चिठ्ठ्या मोजायच्या त्या विधानसभा मतदारसंघातल्या अवघ्या पाच केंद्रांच्या, हे प्रमाण मला अपुरे वाटते. आणि २ डिसेंबर २०२५ रोजी महाडच्या मतदाराने नगराध्यक्ष आणि नगरसेवक निवडण्यासाठी ज्या यंत्रावर बटण दाबले त्याला तर व्हीव्हीपॅट जोडलेलेच नव्हते. एकेका प्रभागात मूठभर मतांनी जय-पराजय होतो, उमेदवार एकमेकांचे शेजारी असतात, संशय घरोघर शिरायला वेळ लागत नाही, आणि नेमक्या त्याच निवडणुकीत मतदाराला आपल्या मताचा कागद दिसत नाही. राज्य निवडणूक आयोगाने पुढच्या निवडणुकीपूर्वी ही उणीव दूर केलीच पाहिजे.

कागदाचा हा आग्रह सुखासुखी मान्य झालेला नाही. २०१० मध्ये हैदराबादचे हरिप्रसाद आणि त्यांचे दोन परदेशी सहकारी यांनी एक मतदानयंत्र उघडून, ते हाती लागल्यास त्यात फेरबदल कसा करता येईल, हे सप्रयोग दाखवले. ते यंत्र मुंबईतील सरकारी गोदामातून गेलेले होते. तेव्हा, यंत्राचा दोष कोणता, या प्रश्नाआधी, यंत्र तुम्हाला कोणी दिले, हा प्रश्न विचारला गेला आणि हरिप्रसाद यांना अटक झाली. जामिनावर ते सुटले; आणि तीनच वर्षांनी, ८ ऑक्टोबर २०१३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने कागदी चिठ्ठी ही मुक्त व न्याय्य निवडणुकीसाठी अपरिहार्य असल्याचे सांगितले. जर्मनीच्या घटना न्यायालयाने त्याही आधी, मार्च २००९ मध्ये, तेथील मतदानयंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला होता, आणि त्याचे कारण यंत्रात घोटाळा सापडला हे नव्हते. निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे कोणत्याही तांत्रिक ज्ञानावाचून सामान्य नागरिकाला पडताळून पाहता आले पाहिजेत, हे होते. माझ्या मते या एका वाक्यात आपल्या साऱ्या वादाचे सार आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, सुरक्षिततेच्या व्यवस्थेची माहिती उघड केली तर दुष्टांचे फावते. एप्रिल २०२४ च्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयानेही यंत्रातील मूळ आज्ञावली उघड करू नये असेच मत बोलून दाखवले. न्यायालयाविषयी पूर्ण आदर ठेवून मला असे वाटते की, या शास्त्रातील अनुभव उलट दिशेचा आहे. ऑगस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच, सैनिकी सांकेतिक लिपींविषयी लिहिताना, असे तत्त्व मांडले की, किल्ली सोडून बाकी सारी रचना शत्रूच्या हाती पडली तरी जी व्यवस्था अभंग राहते तीच सुरक्षित समजावी. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत गुप्तलेखनाचे शास्त्र याच पायावर उभे राहिले आहे. आज आपल्या बँकेचे व्यवहार ज्या पद्धतींनी संरक्षित होतात त्या जगभरच्या विद्वानांनी उघड्यावर तपासलेल्या असतात, आणि गुप्त असते ती फक्त किल्ली. लपवलेल्या रचनेत दोष राहिला तर तो प्रामाणिक माणसाला शेवटी कळतो आणि अप्रामाणिकाला आधी.

या वादांत दोन्ही पक्ष दोषी असले तरी दोषाचे माप दोघांच्या पदरी सारखे घालणे मला मान्य नाही. बाजारात उभा राहून 'सगळं ठरलेलं असतं' म्हणणाऱ्या तरुणापाशी कागद नसतो, कारण तो त्याला मिळत नाही. 'सगळं सुरक्षित आहे' म्हणणाऱ्या अधिकाऱ्यापाशी कागद असतो आणि तो दाखवत नाही. पहिल्याचे अज्ञान दुसऱ्याच्या मौनावर पोसले जाते. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून पुस्तकात आहे. त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे, कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता, कचेऱ्यांनी आपण होऊन माहिती प्रसिद्ध करावयाची असते, आणि माणसाच्या जीविताशी निगडित असलेली माहिती सातव्या कलमाप्रमाणे अठ्ठेचाळीस तासांत द्यावयाची असते. पुलाच्या पायाची स्थिती ही जीविताशी निगडित माहिती नव्हे काय? डोंगरउतारावरच्या वाडीविषयी भूवैज्ञानिकांनी काय लिहिले आहे, ही नव्हे काय?

म्हणून माझी मागणी अगदी मर्यादित आणि अमलात आणण्यास सोपी आहे. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी बांधकाम खात्याचे अभियंते आपल्या तालुक्यांतील पूल आणि साकव पाहावयास येतात. त्यांच्या पाहणीची पूर्ण नक्कल, तपासणाऱ्याचे नाव, तारीख, काय तपासले आणि काय तपासता आले नाही या तपशिलासह, मराठीत, त्याच आठवड्यात जवळच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी. दरडीच्या छायेतील प्रत्येक वाडीचा सर्वेक्षण अहवाल तहसील कचेरीतच न राहता त्या वाडीच्या देवळात किंवा शाळेत वाचून दाखवला जावा आणि त्यावर गावकऱ्यांचे आक्षेप लेखी नोंदवून घ्यावेत. डोंगराला नव्या भेगा पडल्या किंवा झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, हे कचेरीतल्या कोणाच्याही आधी गुराख्याला कळते. मतदानाच्या दिवशी मिळालेले १७-सी नमुने प्रत्येक पक्षाने आपल्या दप्तरात कोंडून न ठेवता केंद्रवार प्रसिद्ध करावेत. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. महाड नगरपरिषदेने आपल्या हद्दीतील प्रत्येक बहुमजली इमारतीचा पूर्णत्वाचा दाखला आणि संरचनेची शेवटची तपासणी संकेतस्थळावर ठेवावी, म्हणजे घर घेणारा सहीआधी ती वाचू शकेल. आणि १ मेच्या ग्रामसभेत, कार्यक्रमपत्रिकेवरचे हारतुरे थोडे कमी करून, यांपैकी जे कागद आलेले नाहीत त्यांची यादी सरपंचांनी मोठ्याने वाचावी व ती ठरावासह प्रांताधिकाऱ्यांकडे पाठवावी.